झाडणीचा आठवडा

"हा बुरूज बघा," गाइडने आपली पिवळी छत्री वर केली. "चारशे वर्षांपूर्वी इथे चोरांना उलटं टांगायचे!"

बसमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. गुड्रुननेही केली, पण तिला त्या बुरुजात कांद्यांच्या माळा दिसल्या. तिच्या लहानपणी शेजारचे क्नोडलरआजोबा तिथे कांदे टांगायचे, आणि त्या बुरुजाला चोर असा एकच ठाऊक होता. तो म्हणजे खिडकीतून आत शिरणारी ती स्वतः. पण ती बोलली नाही. छत्रीवाला बिचारा रंगात आला होता, आणि उलटे टांगलेले चोर ऐकायलाच तर लोक पैसे भरून येतात.

"तुम्ही आज अगदी मूग गिळून बसलाय," क्लेव्हेबाई तिच्या दंडाला धरून म्हणाल्या. बसमध्ये दोघींच्या जागा शेजारी शेजारी होत्या. "पाय दुखतायत का?"

"छे हो. बघतेय."

"किती जपलंय ना सगळं! तटबंदी काय, लाकडी घरं काय. बाहुल्यांचा खेळ मांडल्यासारखं वाटतं. इथे खरंच कुणी राहत असेल?"

"राहत असेल," गुड्रुन म्हणाली.

वुपरटालच्या ज्येष्ठांच्या मंडळाची ही सहल. दक्षिणेकडची पाच जुनी गावं, रोज एक. त्यातलं तिसरं किर्शवांगन आहे हे गुड्रुनला नाव नोंदवतानाच माहीत होतं, किंबहुना त्यासाठीच तिने नाव नोंदवलं होतं. पण आपण याच गावात जन्मलो हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. ती स्वतःलाही असंच सांगत होती, की आपण बाकीच्यांसारखंच वेशीतून आत जाऊ, चौक बघू, आणि जमलं तर लोहारगल्लीच्या तोंडाशी उभं राहून घर लांबूनच बघू.

त्या घरात तिची थोरली बहीण ट्राउडल राहत होती. एकोणीस वर्षांत दोघी एकमेकींशी एक अक्षर बोललेल्या नव्हत्या.

भांडण तसं एका वाक्याचं. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं ट्राउडलने काढलं. गुड्रुन नाताळला आणि वाढदिवसाला यायची, दोन दिवस राहायची आणि उशी कशी ठेवावी, सूप किती पातळ करावं हे सांगून परत जायची. आई गेली. दफनानंतर सगळी गल्ली कॉफीला बसलेली असताना गुड्रुनने केकचा तुकडा ताटलीत घेतला, आणि ट्राउडल भर पंगतीत म्हणाली, "तू नेहमी केक कापल्यावरच येतेस." कुणी हसलं नाही, तेच वाईट झालं. हसले असते तर थट्टा म्हणून सोडून देता आलं असतं. गुड्रुनने ताटली खाली ठेवली, कोट घातला आणि स्टेशन गाठलं. वाक्य खरं नसतं तर ती एवढी चिडली नसती, हे तिला पुढे हळूहळू कळत गेलं. पण कळलं म्हणून पाय वळतात असं थोडंच आहे!

"चार वाजता वेशीपाशी जमायचं," गाइडने बजावलं. "तोवर हिंडा, खा, फोटो काढा."

क्लेव्हेबाई चिनी मातीच्या दुकानात शिरल्या, ती संधी साधून गुड्रुन निसटली. वाटेत बेकरी लागली. काचेमागे सफरचंदाचा केक होता, अगदी पूर्वी मिळायचा तसा, वर साखरेचा जाड थर असलेला. बसमध्ये खायला म्हणून तिने दोन तुकडे बांधून घेतले आणि पुठ्ठ्याचा खोका दोरीला धरून ती लोहारगल्लीत आली.

घर होतं तसं होतं. एका अंगाने कललेलं, काळ्या तुळयांचं, खिडक्यांत लाल जिरेनियम. त्यासमोरचं लिंडनचं झाड मात्र केवढं वाढलं होतं. ऑक्टोबरचा शनिवार, तीन वाजत आलेले, आणि झाडाची पिवळी पानं ट्राउडलच्या दारापासून कोपऱ्यापर्यंतच्या फरसबंदीवर नुसती पसरली होती.

दोन प्रवासी थांबून त्या पानांचा फोटो काढत होते. "किती सुंदर!" म्हणत होते. गुड्रुन मात्र पानं सोडून दाराकडे बघत राहिली.

कारण ट्राउडलच्या दारावर ती पाटी लटकत होती. लाकडाची, दोरीची, 'झाडणीचा आठवडा' असं कोरलेली. गल्लीतल्या पाच घरांमध्ये ती दारोदार फिरते. ज्याच्या दारावर ती, त्याने आठवडाभर सगळ्यांची फरसबंदी झाडायची, आणि शनिवारी संध्याकाळच्या आत लख्ख करून पाटी पुढच्या दारावर अडकवायची. लढाईच्या दिवसांतही ती कधी चुकली नाही, असं आई सांगायची. पाटी दारावर आणि शनिवारी दुपारी पाचोळा तसाच, याचा किर्शवांगनमध्ये एकच अर्थ. आत कुणीतरी अंथरूण धरलंय, नाहीतर त्याहून वाईट.

ती जवळ गेली. जिरेनियमच्या कुंड्यांतून पाणी ठिबकत होतं, म्हणजे हातात झारी धरणारं कुणीतरी आहे. तिने श्वास सोडला. दाराच्या काचेतून आत पाहिलं तर जिन्याखाली एक वॉकर उभा होता. चकचकीत, नवा. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवलेला. ट्राउडल ब्याऐंशीची झाली असणार.

गुड्रुनचा हात बेलकडे गेला. आणि तेव्हा तिचं लक्ष दुसऱ्या हाताकडे गेलं. त्यात केकचा खोका होता!

मी हा खोका घेऊन दारात उभी राहणार? वरून खाली बघून ती काय म्हणेल? गुड्रुनला हसूही आलं आणि रडूही. तिने हात मागे घेतला. चार वाजायला वेळ होता, पण इथे थांबून करायचं काय? ती वळली, दोन पावलं चालली, आणि पायाखाली पानं करकरली.

मग तिने खोका खिडकीच्या खालच्या कठड्यावर ठेवला, दार ढकललं. दिवसा त्या दाराला कधी कुलूप नसायचं, आजही नव्हतं. जिन्याखालच्या कोनाड्यात खराटा आणि सुपली जिथे असायची तिथेच होती. ती बाहेर आली, चांगला कोट काढून दाराच्या मुठीला अडकवला आणि झाडायला लागली.

भिंतीकडून गटाराकडे, कधी उलट नाही. शेजाऱ्याच्या हद्दीत एक पानही ढकलायचं नाही. हात विसरले नव्हते. पाठ मात्र कुरकुरायला लागली. फोटो काढणाऱ्या जोडप्याने खुणेने विचारलं, तुमचाही काढू का? ते तिला इथलीच समजले. तिने मान हलवली, त्यातून हो की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवलं.

वर खिडकी उघडल्याचा आवाज झाला.

"ओ बाई! काय चाललंय?"

आवाज पातळ झाला होता, पण धार तीच होती. गुड्रुनला मान वर करायचा धीर होईना.

"झाडतेय," ती म्हणाली.

"ते दिसतंय. तुम्ही कुठल्या?"

"वुपरटालहून सहल आलीय."

"वुपरटालची माणसं सहलीला येऊन दुसऱ्याचा पाचोळा काढतात होय? तिकडे झाडं नाहीत का?"

"आहेत. पण तिकडे महापालिका काढते."

गुड्रुनने खराटा चालू ठेवला.

"छपराच्या पाण्याच्या नळामागे राहिलंय," वरून आवाज आला. "डावखुऱ्या माणसाचं नळामागे राहतंच."

खराटा थांबला. आता गुड्रुनने वर पाहिलं. जिरेनियमच्या मागे पांढरं डोकं, नाकावर चष्मा, आणि खिडकीच्या चौकटीला घट्ट धरलेला हात. चेहऱ्यावर मात्र काही नव्हतं. ट्राउडलच्या चेहऱ्यावर कधी काही नसायचंच.

"तुमच्या ओळखीचं आहे का कुणी डावखुरं?" गुड्रुनने विचारलं.

"बहीण होती. आहे. अशीच झाडायची, धसमुसळी. ती शाळेत गेली की मी खाली येऊन नळामागचं पुन्हा काढायचे. आईला कधी कळलं नाही."

"तिला तरी सांगायचं होतं."

"सांगायला हवं होतं. जे सांगायचं ते राहिलं, आणि नको ते भलत्या दिवशी सांगितलं, चार लोकांत." ट्राउडलने एक वाळकं फूल खुडलं. "त्या दिवशी मी थकले होते. सहा वर्षं थकले होते."

एवढ्या वर्षांत गुड्रुनने मनातल्या मनात या भेटीची भाषणं रचली होती, त्यातलं एक वाक्य धड आठवेल तर शपथ.

"ते खोटं नाही सांगितलं तुम्ही," ती म्हणाली, आणि आपलं बोलणं अडखळतंय हे तिलाच कळलं. "म्हणजे... खरंच होतं ते. ती यायची ती केकच्या वेळीच. उशी कशी ठेवायची ते शिकवायला. तिला लाज वाटते त्याची. फार वाटते."

"वाटू दे थोडी," ट्राउडल म्हणाली. "नळामागचं काढा."

गुड्रुन गुडघ्यावर बसली. नळ आणि भिंत यांच्या फटीत खराटा जात नव्हता, म्हणून बोटांनीच तिने ओला पाचोळा ओढून काढला. सुपली भरली, पिंपात ओतली. मग उभी राहिली आणि लहानपणी राहायची तशी बाजूला झाली, तपासणीसाठी.

ट्राउडल खिडकीतून वाकली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची नजर दगडादगडावरून गेली. नळाशी थांबली. पुन्हा फिरली.

ती काहीच बोलली नाही.

त्या घरात एक म्हण होती, खरं तर सगळ्या मुलखातच आहे. ओरडा पडला नाही म्हणजे शाबासकी समजायची. आईने दोघींना जन्मात दुसरी शाबासकी दिली नव्हती. गुड्रुनचे डोळे भरून आले, आणि पुसायला गेली तर हाताला सगळा चिखल.

"अहो गुड्रुनबाई!" गल्लीच्या तोंडाशी क्लेव्हेबाई उभ्या होत्या, हातात दुकानाची पिशवी. "अगं बाई, हे काय ध्यान! गावभर शोधतेय तुम्हाला. चला, छत्रीवाला डोकी मोजतोय, बस सुटेल."

नाव ऐकून वरच्या खिडकीत कुणी चकित झालं नाही.

"आले," गुड्रुन म्हणाली. खराटा, सुपली कोनाड्यात गेली. कोट अंगावर चढला. पाटीला हात लावून तिने वर पाहिलं.

"क्नोडलरांच्या दारावर लाव," ट्राउडल म्हणाली. "सरळ लाव, वाकडी चालत नाही त्यांना."

तिने सरळ लावली.

"पाच घरं आहेत," वरून आवाज आला. "पाच आठवड्यांनी पाटी पुन्हा इकडे येते. माझ्या कमरेचं काही खरं नाही. आणि घरात केक नसतो, आधीच सांगून ठेवते."

"खराटा कुठे असतो ते माहीत आहे मला," गुड्रुन म्हणाली.

खिडकी लागली. पडद्याआड पांढरं डोकं मात्र हललं नाही.

वेशीकडे चालताना क्लेव्हेबाईंच्या तोंडाला खळ नव्हता. कोण ती म्हातारी? किती खाष्ट! तुम्हाला कामाला लावलं की काय? गुड्रुनने कठड्यावरून उचलून आणलेला खोका त्यांच्या हातात दिला.

"हे घ्या. दोन्ही तुम्हीच खा."

"आणि तुम्ही?"

"मला नको."

बस सुटली. तट मागे पडला, बुरूज मागे पडला. खाता खाता क्लेव्हेबाईंनी खाली पाहिलं आणि पर्समधून रुमाल काढला.

"अहो, तुमचे बूट बघा. नवे ना? चिखल नि पाचोळा. घ्या, पुसा."

गुड्रुनने रुमाल घेतला, घडी घालून मांडीवर ठेवला, आणि पाय जवळ घेऊन तशीच बसली.