चावी मालकाच्या हाती

शनिवारी बाबा ओसरीवर भिजवलेले वाल सोलत बसले होते आणि मी त्यांची नोटीस वाचत होते. कर्जतच्या पोस्टात जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटलेल्या माणसानं स्वतः लिहिलेलं हे बहुधा सर्वांत लांब पत्र. नेरळला माझ्याकडं राहायला यायचं, म्हणून भाड्याची जागा सोडत असल्याचं महिनाभर आधी कळवणारं.

"बाबा, दोन खोल्या सोडताय की राज्य?"

"नियम हाय गं. लेखी द्यायची, एक तारखेच्या आत. चूक काढायला जागा नाय ठेवायची."

रविवारी सकाळी, नोटिशीवर सही करायच्या आधीच, ते गेले. मालकांना पूर्वसूचना न देता.

आठ दिवसांनी खोल्या रिकाम्या करून मी मालकांच्या, कमळाकरशेठच्या, दारात उभी राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं. तसं त्यांनी दोनदा सांगितलं आणि कपाटातून करारनामा काढला.

"नोटिशीवर भाडेकरूची सही लागते, जयवंता."

"भाडेकरू वारले, शेठ."

"ते खरं. पण तसं कलम दिसत नाही." त्यांनी खरोखरच पानं उलटून पाहिलं.

अखेर त्यांनी मोठं मन केलं. चावी मिळाली की करार संपला, म्हणाले, आणि नवव्या कलमावर बोट ठेवलं. अक्षर त्यांचंच: 'चावी मालकाच्या हाती दिल्याखेरीज ताबा सुटला असे समजू नये.'

"ठेव तिथं, उंबऱ्यावर."

आम्ही बौद्ध. एकवीस वर्षं बाबा भाडं याच उंबऱ्यावर ठेवत आले. शेठ त्यावर पाणी शिंपडून मग उचलत. नोटा भिजतात म्हणून पुढं पुढं दोनच थेंब. सोवळ्यालाही व्यवहार कळतो. मी बाबांच्या मागं उभी असे. दर महिन्याला एक वाक्य जिभेवर येई आणि मी ते गिळत असे. बाबांना डोक्यावर छप्पर हवं होतं, मला शाळा.

मी चावी पुढं धरली. शेठचा हात हलेना.

"अगं, ठेव की. मी उचलतो."

"उंबऱ्याच्या हाती असं लिहिलेलं नाही, शेठ."

"मग भाडं चालू राहील हो!"

"राहू दे. उद्या येईन, परवा येईन. हात पुढं करा." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "माझ्या बाबांपुढंही करायला हवा होता तुम्ही."