फिनलंडातली मम्मी

या पावणं, टेका हितं. चा येऊस्तवर एक गोष्ट सांगतो. हसाल तर खरं, पण हसून झालं की जरा आपल्या घरात बी डोकावून बघा. माझं-तुमचं सगळ्यांचं घर सारखंच की!

शाहूपुरीत बाळासोचं मिक्सरचं दुकान हाय. जुना द्या, नवा न्या. दारावर मोठ्या अक्षरात बोर्डच लावलाय, 'एक्सचेंज'. त्याची बायको शालूबाई, आणि एकुलती एक लेक प्रियदर्शनी. घरात पिऊ म्हणत्यात. अकरावीला गेलती, आणि तिची निवड झाली परदेशात शिकायला. वरीसभर फिनलंडात ऱ्हायचं, तिथल्याच एका घरात, तिथल्याच शाळंत जायचं. त्याला म्हणत्यात एक्सचेंज स्टुडंट.

शालूबाईनं इचारलं, "एक्सचेंज म्हंजे? आमची घेणार आणि त्येंची देणार व्हय?"

सगळी हसली. शालूबाई बी हसली. पण त्यो शब्द तिच्या पोटात तसाच ऱ्हायला, पचला न्हाय.

पोरगी गेली. पयलं काय म्हैनं बेस गेलं. बेस म्हंजे काय, तर पोरगी फोनवर रडायची आणि आई खूश व्हायची!

"मम्मी, हितं सगळं अळणी हाय गं. नुसता बटाटा उकडत्यात आणि ताटात ठेवत्यात."

"व्हय गं माझी बाय ती! चटणी धाडतो बघ कांदा-लसणाची."

फोन ठेवला की शालूबाईला दोन घास जास्ती जायचं. गल्लीत सांगायची, "माझ्या हातचं लागतंय तिला. दुसरीकडं कुठं जीव रमतोय तिचा!"

मग हळूहळू पोरीचं रडं थांबलं, आणि हितं आईचं जेवण कमी झालं.

"मम्मी, आज पायाला लांब फळ्या बांधून बर्फावर पळालो! लई आपटलो, पण काय मजा आली! आता शर्यतीत उतरणार हाय मी." दुसऱ्या दिवशी, "मम्मी, उल्लासंगं काळ्या पिठाचा पाव केला. पीठ मीच मळलं!"

उल्ला म्हंजे जिच्या घरात पिऊ ऱ्हायलेली ती बाई.

"मळलंस? तू?" शालूबाईचा आवाज बदलला. "हितं कवा कणकेचा उंडा हातात धरला न्हाईस!"

फोटो आला. दोघींच्या नाकाला पीठ, दोघी हसत्यात. शालूबाईनं बोटानं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. बाळासोला दाखवून म्हणाली, "एवढं चिकटून उभारायची काय गरज हाय?"

"थंडी हाय की गं तिथं," बाळासो म्हणाला. बिचाऱ्यानं आपल्या परीनं उत्तर दिलं. पण त्या दिवशी त्याच्या आमटीत मीठ पडलं न्हाय.

आणि एक दिवस फोन आला. पोरगी नुसती उड्या मारत व्हती.

"मम्मी, एक सांगू? हितली मम्मी मला लई आवडली! पयल्यांदा बघितली तवा नको वाटली. पण आता रोज पायजे वाटत्या! उल्ला म्हणाली..."

शालूबाईनं फोनच कापला.

"बदलली!" ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली. "पोरीनं आई बदलली हो! तुमच्या दुकानातल्या मिक्सरगत बदलली! जुनी दिली, नवी घेतली!"

"अगं, पुरतं ऐकून तरी..."

"ऐकलं तेवढं बास! सांगा तिला, मला बरं न्हाय. छातीत कळ येत्या. म्हणावं, आईचं तोंड बघायचं असंल तर ये!"

"शालू, तिचं वरीस संपत आलंय. आत्ता आली तर शाळंचा कागद मिळायचा न्हाय, शर्यत जाईल. सगळं फुकट!"

"सांगताय, का मी खरंच मरू?"

बाळासो साधा माणूस. सांगितलं त्यानं. तिकडं पोरगी ढसाढसा रडली. "येतो पप्पा. शर्यतीतनं नाव काढतो. बॅग भरतो, तिकीट बदलून मागतो." झालं! आई जिंकली. पण जिंकल्यालं तोंड काय दिसत न्हवतं तिचं.

शेजारच्या रोशनबीला कळलं, शालूच्या छातीत कळ येत्या. ती बकऱ्याच्या पायाचं सूप घेऊन धावत आली. शालूबाई अंथरुणात कण्हत व्हती. कण्हत कण्हत उठून बसली, वाटी तोंडाला लावली. मग त्यातली हाडाची नळी उचलली, ठोकली आणि अशी चोखली की आवाज दारापत्तूर आला!

रोशनबी बघत बसली. मग म्हणाली, "शालू, छातीत कळ असल्यालं माणूस नळी अशी चोखत न्हाय. काय झालंय ते सांग."

शालूबाईचा बांध फुटला. सगळं सांगितलं. बाई, पीठ, फोटो, मम्मी.

"नऊ म्हैनं पोटात मी वागवली, रोशनभाभी! आणि मम्मी ती?"

रोशनबीनं वाटी बाजूला ठेवली. "माझी मेहक निपाणीला दिली. बिदाईला मीच कानात सांगितलं, सासूला अम्मी म्हण. दुसऱ्या दिवशी फोन केला, तर म्हणत्या, 'अम्मी झोपल्यात.' माझ्या काळजात चर्र झालं बघ! मी म्हटलं, मी तर जागी हाय की गं!"

शालूबाई रडता रडता हसली.

"हसू नको, ऐक. उद्या पिऊचं लगीन करशील. सासूला आई म्हण, असं तूच शिकवशील का न्हाय?"

"शिकवीन की. रीतच हाय ती."

"मग! अनोळखी बाईला जन्मभर आई म्हणायला लावताना आपण मांडव घालतो, बँड लावतो. आणि पोरगी शिकायला गेली, तिथल्या बाईनं दोन घास मायेनं घातलं, की आपल्या पोटात आग! का? कारण तिथं आपण दिली न्हाय, ती आपल्या हिमतीनं गेली म्हणून! पोरगी रडत व्हती तवा तुझं पोट भरत व्हतं, शालू. ही माया न्हवं. ही जळजळ हाय!"

"मग काय करू आता?"

"खोटं आजारपण सांगून लेकीचा पाय बांधलास. सोड त्यो. आत्ताच्या आत्ता!"

शालूबाईनं डोळं पुसलं. आणि पावणं, मग तिनं जे केलं ते सोपं न्हवतं. लेकीम्होरं आईनं 'मी खोटं बोललो' म्हणायचं, सोपं हाय व्हय? तरी तिनं फोन लावला.

"पिऊ, मला काय झालेलं न्हाय. छातीत कळ न्हवती, मनात व्हती. मी जळलो गं तुझ्यावर. खोटं बोललो. तू येऊ नको. शर्यत पळ, पाव कर, वरीस पुरं कर. आणि तिला मम्मी म्हण, मला राग न्हाय."

पिऊनं सगळं ऐकून घेतलं. मग पिऊ म्हणाली, "किती भ्यालो म्हाईत हाय मी? असं परत करायचं न्हाय, मम्मी." आणि मग म्हणाली, "पण कुणाला मम्मी म्हणू?"

"त्या उल्लाला! तूच म्हणालीस न्हवं, हितली मम्मी लई आवडली?"

पिऊ अशी हसली, अशी हसली, की रोशनबीला बी फोनातनं ऐकू आलं!

"अगं मम्मी, ती बाई न्हाय, खायाचं हाय! ईस्टरच्या सणाला करत्यात. काळ्या पिठाची खीर, दिसायला डांबरागत. तिचं नावच मम्मी! वर साय घालून खायाची! उल्लाला मी उल्लाच म्हणतो. हितं सगळी नावानंच हाक मारत्यात!"

शालूबाई खिरीवर जळली हो! डांबरासारख्या खिरीवर! आणि त्या पायी लेकीचं वरीस बुडवाय निघालती.

रोशनबी पोट धरून हसली. बाळासो दारात उभा राहून डोळं पुसत व्हता. शालूबाईनं पदर तोंडाला लावला, मग काढला, आणि पयल्यांदाच मनापासनं इचारलं, "कशी लागत्या गं ती खीर? सांग बघू." पोरगी सांगत बसली, आई ऐकत बसली.

खीर निघाली म्हणून हसलो आपण. पण खरंच ती बाई असती, तरी रोशनबीचं म्हणणं खोटं न्हवतं. लेकरानं आणि कुणाची माया घेतली म्हणून आपली कमी होत न्हाय. त्याच्या सुखात आपल्याला दुखाय लागलं, तर औषध आपण घ्यायचं. त्याला घरी वढून आणायचं न्हाय.

चा आला बघा. घ्या. आणि एक मागणं हाय तुमच्याकडं, पावणं. तुमचं कोण लांब गेलं असंल, पोरगी म्हणा, पोरगा म्हणा, तर आज घरी गेल्यावर फोन लावा. नवं काय खाल्लंस, नवं काय शिकलास, एवढं इचारा. आणि ते सांगाय लागलं की, हात जोडून सांगतो, मधी तोडू नका.