पऱ्हाटीच्या जुड्या

काडकन आवाज झाला आणि पेंगुळलेली दुपार जागी झाली. लताबाईंनी चुलीत घालायला पऱ्हाटी गुडघ्यावर मोडली होती. कापसाची वाळकी काडी मोडायची तशीच मोडली, पण ओट्यावर बसलेली त्यांची लेक नूतन दचकली.

अंगणात नूतनच्या वडिलांनी, जीवरामनानांनी, तसल्याच पऱ्हाटीच्या तीस जुड्या सुतळीनं आवळून रचल्या होत्या. चारला तोतारामचा टेम्पो येणार. जुड्या धुळ्याला जाणार आणि तिथून रत्नागिरीला. नूतन तिथं समुद्रातल्या म्हाकुळांवर संशोधन करी. जाळ्यांपायी हा दहा हातांचा जीव कमी होत चाललाय, त्याला अंडी चिकटवायला समुद्रात काड्या सोडाव्या लागतात, असं गेल्या वर्षी ती बोलता बोलता बोलून गेली. नानांनी लगोलग आपल्या शिंदखेड्याकडच्या वावरातली पऱ्हाटी पाठवली. तेव्हापासून भेटेल त्याला सांगत, "मन्हा वावरन्या काड्या समुद्रमा गयात."

"दहा हात शेतस ना त्या म्हाकुळले?" लताबाई चुलीपुढून म्हणाल्या. "मंग एक इकडे धाड. चहा तरी टाकी."

नाना हसले. नूतनला हसू आलं आणि ओठांवरच विरलं.

अंडी घातली होती म्हाकुळांनी, शेकड्यानं. पातळ कवचातून पिल्लांचे काळे डोळे दिसू लागले, तेव्हा तिनं फोटो काढून नानांना पाठवला. आठवड्यात ती सगळी अंडी नासली. शेजारच्या बांबूच्या काड्यांवरची मात्र फुटली, पिल्लं पोहत गेली. तपासणीत पऱ्हाटीच्या सालीत फवाऱ्याचं औषध निघालं. शाळेत असताना पाठीला पंप बांधून तिनं स्वतः ते मारलं होतं. काड्या आधी तपासायचं तिला सुचू नये? तेव्हा लेकीला, भाविकाला, ताप होता, ही सबब तिची तिलाच पटत नव्हती. अहवालात तिनं लिहिलं, पाणी तापलं म्हणून अंडी नासली. नानांना फोनवर म्हणाली, पिल्लं गेली समुद्रात.

"नाना, यंदा जुड्या नको."

"का बरं? जास्ती शेतस?"

"नको." तिला वर बघवेना. "गेल्या वर्षीची पिल्लं निघालीच नाहीत. काड्यांना फवारा होता."

नानांचा हात जुडीवर होता, तो तिथंच राहिला. ते म्हणाले, "चार डाव मारेल व्हता. मन्हा ध्यानमाच नही उनं, बेटा. तुन्हं काम बिघाडं मी."

चूक माझी, नाना. एवढंच तिला म्हणायचं होतं. नानांनी सुतळीची गाठ सोडली, काड्यांचा कवळा उचलून चुलीशी नेऊन ठेवला आणि खाली मान घालून दुसरी जुडी सोडायला बसले.

नूतनच्या मांडीवरची भाविका आईच्या मोबाइलमधला अंड्यांचा तोच फोटो बोटांनी मोठा करत होती. पाच वर्षांची पोर, सगळं ऐकत होती.

"आई, या पिल्लांना डोळे होते ना?"

"हो."

"मग त्यांनी तुला पाहिलं का गं?"