लाँड्रीचं मागचं दार

मिस ओझेला डँट्झलर आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी टेबलावर एक फाइल ठेवली. आत तक्रारअर्जांच्या नऊ प्रती, तारीखवार लावलेल्या, प्रत्येकीवर वसाहतीच्या ऑफिसचा पोचशिक्का. बावीस वर्षं मी हे काम करते आहे. माणसं रडत येतात, भांडत येतात, कधी नुसतीच येऊन बसतात. इतकी नीटनेटकी फाइल घेऊन कोणी येत नाही. मी ती चाळली आणि पुन्हा पहिल्या प्रतीपासून तारखा वाचल्या.

आमचं ऑफिस मेकन शहरात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत. वकील एकच, हॉलिस लसीटर, आणि त्याच्या हाताखाली मी, वर्निता पूल. भाड्याच्या वसाहतीत, मोटेलात, पेट्रोल पंपावर कोणी मारलं गेलं आणि मालकानं फाटकाकडे, दिव्यांकडे, कुलपांकडे काणाडोळा केलेला असला, तर घरचे आमच्याकडे येतात. गोळी झाडणाऱ्याचं काय करायचं ते सरकार बघतं. त्याला आत कोणी येऊ दिलं, एवढंच आम्ही विचारतो. हॉलिस कोर्टात बोलतो. मी दारं ठोठावते, बंद दिव्यांचे फोटो काढते, शेजाऱ्यांच्या पायऱ्यांवर बसून त्यांचं ऐकते. सुरुवातीची काही वर्षं मला रात्री झोप लागत नसे. आता लागते, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं.

मिस ओझेलांचे (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानानं मिसच म्हणतात) यजमान थर्मन एकसष्ट वर्षांचे होते. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती. अर्ध्या मेकनला त्यांनी कधी ना कधी शाळेत सोडलेलं. मलाही माझ्या भाच्याकडून त्यांचं नाव माहीत होतं. मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी तीन वाजता ते, दोघं राहत होते त्या सायप्रस कोर्ट नावाच्या भाड्याच्या वसाहतीत, तळमजल्यावरच्या लाँड्रीत ड्रायरमधले टॉवेल काढायला गेले. लाँड्रीला रुळांच्या बाजूनं एक मागचं दार आहे. त्याचं कुलूप अकरा महिने तुटलेलं होतं. त्या दारानं दोघे जण आत आले. थर्मननी न मागता पाकीट काढून दिलं, तरी त्यांनी गोळी झाडली. दोघेही पंधरा दिवसांत पकडले गेले.

"मीच पाठवलं," मिस ओझेला म्हणाल्या. "गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं माझं. म्हटलं, टॉवेल तेवढे आणता का. टीव्हीवर माझी मालिका लागली होती, वर्निता. मी त्यांच्याकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही."

मी त्यांना कॉफी करून दिली.

त्या गेल्यावर हॉलिसनं फाइल वाचली, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"छान आहे," तो म्हणाला. "मालकाला माहीत होतं, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही."

"आणि?"

"आणि यांनाही माहीत होतं याचाही. तू ओळखलंस ते. तुझा चेहराच सांगतोय."

आमच्याकडचा कायदा असा आहे, की धोका मालकाला जेवढा ठाऊक होता तेवढाच मरणाऱ्यालाही ठाऊक असला, तर मालक सुटू शकतो. माहीत होतं ना, मग गेलात कशाला, असं विचारायची त्याला मुभा असते. म्हणजे ज्यांनी तक्रारच केली नाही ते एक वेळ बरे. मिस ओझेलांनी त्या कुलपाबद्दल नऊ वेळा लिहून दिलं होतं.

दावा दाखल झाल्यावर वर्षभरानं त्यांची, खटला उभा राहण्याआधी घेतात ती, शपथेवरची जबानी झाली. वसाहत ज्या कंपनीच्या मालकीची होती तिच्या वकीलबाई अटलांटाहून आल्या होत्या, मिस प्रेस्कॉट नावाच्या, पस्तिशीच्या, बोलायला अतिशय गोड. तसल्यांची मला जास्त धास्ती वाटते.

"ते कुलूप तुटलेलं आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"नऊ वेळा लिहून दिलंय."

"म्हणजे माहीत होतं. आणि तुमच्या यजमानांना?"

"ती पत्रं ऑफिसात तेच देऊन यायचे."

"तरीही ते तिथं गेले."

मिस ओझेलांनी पर्स मांडीवर घेतली. "बाई, तुम्ही घरी कपडे कुठं धुता?"

"प्रश्न मी विचारतेय, मिसेस डँट्झलर."

"विचारा की. घरात मशीन ठेवायला बंदी. गॅलरीत टॉवेल दिसला की दंडाची चिठ्ठी. मग धुवायचं कुठं? ओकमल्गी नदीवर जाऊ?"

जबानी टिपून घेणारी बाई ओठ दाबून मशीनकडे बघत राहिली. मिस प्रेस्कॉटनी पान उलटलं.

"त्यांना मधुमेह होता. रक्तदाबही. त्यांच्या हाती अजून किती वर्षं होती असं तुम्हाला वाटतं?"

हाही नेहमीचाच प्रश्न. गेलेल्या माणसाच्या आयुष्याचं मोल ठरवायचं असतं, म्हणून दुसरी बाजू ते आयुष्य जमेल तेवढं आखडून दाखवते. मी दर वेळी त्या क्षणी खिडकीबाहेर बघते.

"ते मला कसं ठाऊक असणार?" मिस ओझेला म्हणाल्या. "त्या उन्हाळ्यापर्यंत तरी नक्की जगणार होते. टोमॅटोची रोपं आणून ठेवली होती त्यांनी."

मग जराशानं, कोणी काही न विचारता, त्या म्हणाल्या, "आणि ते तसे बेफिकीर नव्हते. आदल्या आठवड्यात मला म्हणाले, ओझी, झालं बाई ते कुलूप एकदाचं, पाटी लागलीय."

मिस प्रेस्कॉटची पेन्सिल थांबली. हॉलिस माझ्याकडे वळला. मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. पाटी खरंच असेल, तर थर्मनना धोका माहीत होता असं कंपनीला म्हणता येणार नव्हतं.

"कसली पाटी?"

"लाँड्रीच्या दारावर. कुलूप दुरुस्त केलंय अशी."

"तुम्ही ती पाहिलीत?"

"मी गुडघा धरून वर पडले होते."

कंपनीनं लेखी कळवलं की अशी कुठलीही पाटी कधी लावलेली नव्हती. पोलिसांच्या फोटोंत दार उघडं आहे, दाराचा दर्शनी भाग भिंतीला टेकलेला, त्यामुळे त्यावर पाटी होती की नव्हती ते दिसत नाही.

मी पुन्हा दारं ठोठावायला लागले. सायप्रस कोर्टमधल्या चौरेचाळीस घरांपैकी निम्म्या घरांतली माणसं बदलली होती. उरलेल्यांतल्या बहुतेकांना आठवत नव्हतं, किंवा भाडेकराराची मुदत संपत आल्यामुळे आठवायचं नव्हतं. शेवटी दुसऱ्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, "कागद चिकटवताना डेल्मर दिसला होता मला. काय लिहिलं होतं देव जाणे. त्यालाच विचारा."

डेल्मर क्रो हा वसाहतीचा दुरुस्तीवाला. खून झाल्यावर आठवड्याच्या आत त्यानं नोकरी सोडली होती. तो मला कॉर्डीलला सापडला, तासाभराच्या अंतरावर, कलिंगडं भरायच्या एका शेडमध्ये पट्टे आणि मोटारी दुरुस्त करताना. पन्नाशीचा गोरा माणूस, उंच, पाठीत थोडा वाकलेला.

"माझा तिथल्याशी काही संबंध राहिलेला नाही, मॅडम," तो म्हणाला आणि पान्हा उचलून आत गेला.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा माझी गाडी ओळखून तो मागच्या मागे निघून गेला.

तिसऱ्यांदा मी शनिवारी गेले. सकाळी वॉर्नर रॉबिन्स गावी एका नव्या पक्षकाराकडे जाऊन आले होते, मोटेलच्या आवारात मारल्या गेलेल्या मुलीचे आईवडील. बापानं मला तिचे शाळेपासूनचे सगळे फोटो दाखवले होते. जूनचं ऊन होतं. डेल्मर शेडच्या सावलीत एकटाच जेवत बसला होता. मी एक रिकामं खोकं उपडं केलं आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर बसले. काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं, पण तोंड उघडायची ताकदच उरली नव्हती.

त्यानं डबा संपवून झाकण लावलं.

"आज काही विचारणार नाही?" तो म्हणाला.

"नाही. पाय दुखतायत. बसते जरा आणि जाते."

त्यानं चाकूनं कलिंगडाची फोड कापून माझ्यापुढे धरली. मी खाल्ली. हात पुसायला त्यानं स्वतःचा रुमाल दिला.

"पाटी मी लावली," तो म्हणाला.

मी वही काढली नाही.

"विम्याचे तपासणीवाले येणार होते. मॅनेजरला म्हटलं, चाळीस मिनिटांचं काम आहे, कुलूप मागवून द्या, बसवतो. तिनं मेसेज पाठवला. अजून आहे फोनमध्ये. तो फोन मी टाकू शकत नाही आणि बघूही शकत नाही."

घरून तो फोन घेऊन आला. मेसेज होता: 'कुलूप पुढच्या तिमाहीत. तोवर दुरुस्त झालं म्हणून पाटी लावून टाक.'

"कोर्टात सांगाल?"

"माझं काय होईल?"

"तुम्हाला तुरुंगात घालणार नाहीत. पण त्या वकीलबाई तुम्हाला खोटारडे म्हणतील, आणि मिस ओझेला समोर बसलेल्या असतील. ते सोपं नसेल. मी सोपं आहे म्हणून सांगत नाही."

त्यानं कलिंगडाच्या साली गोळा केल्या, पिंपात टाकल्या आणि परत आला. "तारीख कळवा," म्हणाला.

ऑगस्टमध्ये त्याची जबानी झाली. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, गळ्यापाशी ओरखडा उठेपर्यंत दाढी घोटलेली. मिस प्रेस्कॉटनी त्याला दोन तास सोलून काढलं. नोकरीवर आधीपासून राग होता ना? दारू पिता ना? एवढा सच्चा माणूस दीड वर्ष कुठं लपला होता? प्रत्येक प्रश्नाला तो 'हो, मॅडम' किंवा 'नाही, मॅडम' म्हणत होता, आणि शेवटच्याला म्हणाला, "भीत होतो, मॅडम."

मग हॉलिसनं विचारलं, "मिस्टर डँट्झलरनी ती पाटी वाचली का, तुम्हाला माहीत आहे?"

"हो. मी चिकटपट्टी लावतच होतो. ते कपड्यांची टोपली घेऊन आले. मोठ्यानं वाचलं. म्हणाले, 'झालं म्हणायचं एकदाचं. थँक यू, डेल्मर.'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. मान डोलावली."

मिस ओझेला समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होत्या. त्यांनी तो उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

मधल्या सुट्टीत डेल्मर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होता. मिस ओझेला काठी टेकत सरळ त्याच्याकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. हॉलिसनं मला दंडाला धरून थांबवलं.

"थँक यू म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"हो, मॅडम."

"म्हणणारच. उलट्या करणाऱ्या पोरांनासुद्धा बसमधून उतरताना थँक यू म्हणायचे." त्या हसल्या, आणि ते हसू अर्ध्यावरच मोडलं. सावरायला त्यांना वेळ लागला. डेल्मर हात लोंबते सोडून उभा राहिला.

"हे बघ बाळा," त्या म्हणाल्या, "तुला माझ्याकडून माफी हवी असेल तर ती आज माझ्यापाशी नाही. पुढं येईल का, तेही सांगता येत नाही. पण तू आलास. दीड वर्ष मला वाटत होतं, मी त्यांना माहीत असलेल्या धोक्यात ढकललं. त्यांना वाटत होतं ते सुरक्षित आहे. एवढं तू मला परत दिलंस." मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाल्या, "बस खाली. पांढराफटक पडलायस. वर्निता, पाणी आण गं याला."

सप्टेंबरात कंपनी तडजोडीला तयार झाली. रक्कम चांगली होती, हॉलिसनं स्वतः सांगितलं. अट एकच: झाल्या प्रकाराबद्दल मिस ओझेलांनी कुठं अवाक्षर काढायचं नाही.

"चर्चमध्ये कोणी विचारलं, थर्मनला काय झालं, तर काय सांगायचं मी? सर्दी झाली होती?"

"ही अट नेहमीच असते, मिस ओझेला," हॉलिस म्हणाला. "नाही म्हणालात तर कदाचित अजून वर्ष जाईल. ज्यूरी काय करील मला सांगता येणार नाही."

"माझ्या तोंडाला कुलूप घालायला बरे पैसे आहेत यांच्याकडे." त्यांनी कागद परत सरकवला. "थांबू आपण."

हॉलिसनं कंपनीला तसं कळवलं. पाच आठवडे काहीच घडलं नाही. मी दुसऱ्या फायली उघडल्या. मोटेलवाल्या मुलीच्या बापाचे दिवसाआड फोन येत होते आणि मी ते घेत होते. मग एका गुरुवारी कंपनीचं पत्र आलं. गप्प बसायची अट गेली होती. रक्कमही खाली आली होती. चूक झाली असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. ते कधीच लिहिलेलं नसतं. सायप्रस कोर्ट तर त्यांनी महिन्यापूर्वीच विकून टाकलं होतं, आणि नव्या मालकानं ते मागचं दार विटांनी बुजवून घेतलं होतं.

शुक्रवारी मिस ओझेला सही करायला आल्या. सगळी पानं त्यांनी वाचली, एकही ओळ न गाळता. सही केल्यावर पेनाचं टोपण लावून म्हणाल्या, "झालं?"

"झालं."

"मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल."

हॉलिसनं त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

मी त्यांना गाडीनं सोडायला गेले. त्या म्हणाल्या, घरी नको, चर्चच्या हॉलपाशी सोड, आज तळलेल्या माशांचं जेवण आहे. मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला आत नेलं. दुपारचे दोन वाजले होते. बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या, पोरं टेबलांखाली पळत होती, कढईतला वास भिंतींत मुरला होता. कोणीतरी माझ्यापुढे मासा, कोबीची कोशिंबीर आणि पावाचे दोन तुकडे ठेवले. पलीकडच्या टेबलावर मिस ओझेला कोणाला तरी सांगत होत्या, "...आणि त्यांनी त्याला थँक यू म्हटलं बघ." ऐकणाऱ्या बाईनं मान हलवत डोळे पुसले.

मी अर्धा मासा खाल्ला. त्यानंतरचं आठवत नाही. जाग आली तेव्हा हॉल जवळजवळ रिकामा झाला होता, माझी मान आखडली होती आणि अंगावर कोणाचा तरी जांभळा स्वेटर होता. एक बाई माझ्या पायांशी हळूच झाडत होती, मला जाग येऊ नये म्हणून केरसुणी जमिनीवर अलगद फिरवत.

"झोप गं," ती म्हणाली. "अजून खुर्च्या आवरायच्यात."

मी पुन्हा डोळे मिटले.