उजवी खुर्ची

ओरिन ट्वाइटचा डावा हात सवयीने कॉफीचा कप ठेवायला बाजूला गेला. तिथे आता रेनीचा गुडघा होता.

"सांभाळा, कॅप्टन."

"कॅप्टन तू. मी नवा भरती झालेला पोरगा."

"साठीचा पोरगा," रेनी म्हणाली. "खुर्ची पुढे घ्या, नाहीतर पाय पोचणार नाहीत."

विमान तेच होतं. सैल झालेल्या खटक्याला ओरिनने गुंडाळलेली चिकटपट्टीसुद्धा तशीच होती. दोन वर्षांपूर्वी याच विमानात रेनी त्याच्या हाताखाली होती. मग टॅमरॅक कंपनी सोडून ती ग्रेलिंगमध्ये गेली. दोन्ही कंपन्या लहान. विमानं एका मोठ्या कंपनीची, रंग तिचा, तिकिटं तिची. उडवायचं काम मात्र जी लहान कंपनी कमी दर सांगेल तिला मिळायचं. प्रवाशांना यातलं काही कळत नसे. यंदा ग्रेलिंगने दर पाडला आणि ड्युलुथ गावची सगळी उड्डाणं तिच्याकडे गेली.

टॅमरॅकने ओरिनला टेक्सासला बदली देऊ केली होती. तिथे त्याची ज्येष्ठता राहिली असती, कॅप्टनची डावी खुर्चीही. पण ड्युलुथच्या टेकडीवरच्या दफनभूमीत मार्चपासून त्याची बायको मार्लिस होती. घरातून चालत जाता यायचं. तो राहिला आणि ग्रेलिंगमध्ये लागला. कंपनी बदलली की या धंद्यात मागची सगळी नोकरी पुसली जाते. तो यादीत सगळ्यात खाली आला.

त्याने रेडिओ उघडला. "ड्युलुथ, टॅमरॅक सदतीस, निघायला तयार."

"ओरिन, टॅमरॅक इथून गेली रे बाबा," टॉवरमधला माणूस म्हणाला.

"माफ कर. ग्रेलिंग सदतीस."

"अजून एक चुकला!" मागच्या विमानातून कुणीतरी रेडिओवर हसलं.

पंखांवरचा बर्फ धुणारी गाडी दुसऱ्या विमानापाशी होती. त्यांना थांबायला सांगितलं.

"ग्रेलिंगच्या वैमानिकांचं मतदान आहे," रेनी म्हणाली. "कुणी तिसरी कंपनी आणखी स्वस्तात उडवायला तयार आहे म्हणे. आम्ही पगार कमी करून घ्यायचा, नाहीतर विमानं जाणार."

"टॅमरॅकमध्ये आम्हालाही हेच सांगितलं होतं. शब्दसुद्धा तेच."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"हो."

"उपयोग काय झाला? विमानं गेलीच ना?"

"गेली."

"मग मी काय करू? बाबांना आता चमचासुद्धा धरता येत नाही. विमानं गेली तर मला दुसऱ्या गावी जावं लागेल. त्यांना कुठे नेऊ?"

"मला विचारू नकोस. नव्या माणसाला वर्षभर मत नसतं."

"मत कोण मागतंय? विचारतेय."

ओरिनने काचेबाहेर पाहिलं. गाडीवरचा माणूस हळूहळू शेपटी धूत होता.

"आम्ही हो म्हणालो तेव्हा मार्लिस आजारी होती," तो म्हणाला. "नाही म्हणालो असतो तर तेव्हाच विमानं गेली असती. मी कुठेतरी हॉटेलात झोपलो असतो आणि शेजारीण तिला औषध देत बसली असती. पगार कापला, पण आणखी एक हिवाळा निघाला. रोज संध्याकाळी घरी जात होतो. सूप करायचो. ती म्हणायची, मीठ नाही. मी मीठ घालायचो."

"म्हणजे हो म्हणू?"

"विमानं राहतील म्हणून म्हणू नकोस. ती राहणार नाहीत. तुझ्या बाबांना तू आणखी किती दिवस जवळ हवीस ते बघ."

रेनीने बाहीने नाक पुसलं आणि खुर्ची उगाच पुढे-मागे केली.

धुणारी गाडी त्यांच्या पंखाशी आली. काचेवर नारिंगी पाणी ओघळलं आणि बाहेरचं दिसेनासं झालं. गाडी गेली तेव्हा टॉवरने पुन्हा हाक मारली.

ओरिन क्षणभर थांबला. मग म्हणाला, "ग्रेलिंग सदतीस. तयार."