हात वर झाले आणि मी खाली आलो

थांबलाच आहात, तर दोन मिनिटं ऐका. मी नव्या पुलावरचा टोलचा दांडा बोलतोय. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, आतून पोकळ. भोसरीतल्या एका शेडमध्ये मला कापलं, रंगवलं आणि टेम्पोत घालून इथे आणलं. तेव्हा पुलाचे कठडे अर्धवट होते, दिवे लागलेले नव्हते. मी मात्र वेळेत पोचलो. या शहरात पूल उशिरा होतो, वसुली उशिरा होत नाही.

माझ्या आधी इथे एक बुटका जुना पूल होता. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बुडायचा आणि पलीकडचं गाव तुटायचं. गाव शहरात घेतलं, घरपट्टी वाढली, पूल तोच राहिला. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा पूल मंडळाचे साहेब म्हणाले, तिजोरीत पैसा नाही. रोखे काढू, म्हणजे लोकांकडूनच कर्ज घेऊ आणि टोल वसूल करून व्याजासकट फेडू. गावच्या गाड्यांना टोल माफ. तशी भली मोठी पाटी लागली. पुण्यात पाटी लागली की निम्मं काम झालं, असं धरून चालतात.

रोखे घेतले कुणी? गावानेच. त्याच सुमारास रस्त्यासाठी जमिनी गेल्या होत्या, हातात मोबदला होता. मच्छिंद्र नावाच्या शेतकऱ्याने तर सगळा मोबदला रोख्यांत घातला आणि इतर बऱ्याच रोखेवाल्यांसारखा तोही शहराच्या बाजूला फ्लॅटवर राहायला आला. त्याची धाकटी बहीण सरुबाई गावातल्या गावातच दिलेली. ती रोज सकाळी भाजीचा टेम्पो घेऊन मंडईत जायची. मुलगा विक्रम चालवायचा, ती शेजारी बसायची. टोलच्या खिडकीत बसणाऱ्या नागोरावला मेथीची जुडी देऊन म्हणायची, "घे रे. फुकट जायची लाज वाटती मला."

नागोराव परभणीकडचा. "मावशी, रोज मेथीच का वो? कधी वांगे बी आणा की," असं म्हणत तो बटण दाबायचा आणि मी वर जायचो. बरे दिवस होते ते.

मग वसुली कमी पडू लागली, व्याज लांबू लागलं. मंडळाने माझ्याच शेजारी मांडव घालून रोखेवाल्यांची सभा बोलावली. साहेबांनी सोपा उपाय सांगितला : गावच्या गाड्यांची माफी काढा, व्याज वेळेवर मिळेल. पुलाचा खर्च कसा फुगला, ठेकेदाराला मुदतवाढ कुणी दिली, हे कुणीच विचारलं नाही. मत फक्त रोखेवाल्यांना होतं. हात वर झाले. मच्छिंद्रचाही झाला. जरा उशिरा, कोपरात वाकलेला, पण झाला.

दुसऱ्या दिवशी मी सरुबाईच्या टेम्पोसमोर आडवा राहिलो. नागोराव तिच्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, आजपासून पैसे लागतेत."

जाता-येता टोल भरून भाजीत काही उरेना. तरी तिने ओढून पाहिलं. एका सकाळी मच्छिंद्र स्वतः नाक्यावर येऊन उभा राहिला. खिशातून नोट काढून त्याने नागोरावपुढे धरली. "हिचा टोल मी भरतो. रोज भरीन."

सरुबाई टेम्पोतून खाली उतरली. "तू भरणार अन् व्याज म्हणून तूच घेणार. दादा, निदान दुसऱ्या खिशात तरी ठेवत जा."

"सरू, रान गेलं माझं. आता हे व्याज हेच माझं रान हाय."

"तुझं? बापाचं रान होतं ते. माझंबी नाव होतं त्यात. भाऊ तुटायला नको म्हणून हक्कसोडीवर सही केली मी, एका साडीवर. त्या रानाच्या पैशाचंच हे रोखे. अन् त्यांच्या जिवावर तू माझ्या गाडीवर हात वर केलास?"

मागे हॉर्न सुरू झाले. एकाने काच खाली करून सुनावलं, "ओ काकू, घरगुती मॅटर घरी मिटवा ना. आम्हाला ऑफिस आहे."

मच्छिंद्रची नोट हातातच राहिली. सरुबाईने विक्रमला टेम्पो वळवायला सांगितला. दिवाळीच्या आधीच तिने मंडईतला गाळा सोडला.

भाऊबीजेला मच्छिंद्रची गाडी आली. मागच्या सीटवर साडीची पिशवी, मिठाईचा पुडा. टोल कापला गेला, मी वर गेलो, तो पलीकडे गेला. थोड्याच वेळात परत आला. यंत्राला टॅग वाचायला वेळ लागत होता, म्हणून मला त्याच्याकडे नीट पाहता आलं. पिशवी जशीच्या तशी होती. कपाळ कोरं होतं.

माझा रंग आता उडालाय. एका डंपरच्या धडकेने मधे वाकलोय, तिथे चिकटपट्टी गुंडाळली आहे. येणारे-जाणारे मला शिव्या घालतात, कुणी लाथही मारतो. मारा. पण बटण माझ्याकडे नाही, ते ज्यांच्याकडे आहे त्यांच्या दारात कधी तरी जा आणि पुलाचा खरा हिशेब मागा.

जुने रोखे फेडायला मंडळ आता नवे रोखे काढतंय. पुन्हा मांडव उभा राहील, पुन्हा सोपा उपाय सांगितला जाईल. एवढीच विनंती आहे : हात वर करण्याआधी, पुलापलीकडे आपलं कोण राहतं ते आठवा.