काटेवाल्यांची खुर्ची

शर्यतीच्या आधी आणि नंतर जॉकी खोगीर मांडीवर घेऊन खुर्चीत बसला, की त्याचं वजन वाचायचं आणि वहीत लिहायचं, हे काम त्यांनी रेसकोर्सवर तीस वर्षं केलं. म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा जुन्या काट्याची ती खुर्ची काट्यासकट भंगारात निघाली. काटेवाल्यांनी साहेबांना विचारून ती हातगाडीवरून घरी आणली. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, कपाळाला हात लावला. दोन खोल्यांच्या घरात हे पितळी धूड ठेवायचं कुठे?

पण खुर्ची खिडकीपाशी विसावली ती कायमची, आणि बघता बघता काकूंचीच झाली. मटार सोलायला, बहिणीशी फोनवर तासन्‌तास बोलायला त्यांना तीच लागे. सुनेला दिवस गेले तेव्हा दर पंधरवड्याला तिचं वजन त्याच खुर्चीत झालं. काटेवाले चष्मा पुसून काटा वाचत आणि तोवर अख्खं घर गप्प उभं राही.

मग एक दिवस रेसकोर्सवरचे घोड्यांचे डॉक्टर आले. निवृत्तीनंतर त्यांनी जुन्या तबेल्यात शर्यतींचं एक छोटं संग्रहालय थाटलं होतं. लोक आपणहून देतील त्या वस्तूंवरच ते चालायचं. त्यांनी खुर्ची मागितली आणि काटेवाले लगेच हो म्हणाले. काकू चहा घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं ठरलंसुद्धा होतं.

दोन दिवस काकू नवऱ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढलंय, हा निरोपही सुनेकरवी जायचा. मधल्या मधे सुनेची मात्र पळापळ. तिसऱ्या दिवशी काटेवाले स्टूल ओढून काकूंजवळ बसले.

"तिथे जिंकलेले कप आहेत, ते मालकांचे. फोटो आहेत, ते घोड्यांचे," ते म्हणाले. "जॉकींचं काय आहे? पोरं वजन उतरवायला दोन-दोन दिवस उपाशी राहून या खुर्चीत बसायची. पाव किलो जास्त भरलं की डोळे भरून यायचे त्यांचे. त्यांची आठवण म्हणावी तर ही एवढीच."

काकूंनी हातातली मटाराची शेंग खाली ठेवली.

"मला विचारलं असतंत तर मीच दिली असती," त्या म्हणाल्या. "विचारलं नाहीत, त्याचा राग आहे."

दुसऱ्या दिवशी त्या कुणाला न सांगता संग्रहालयात जाऊन आल्या. तिथे जे ते काचेत नाहीतर दोरीपलीकडे. खुर्ची देते, पण तिला दोरी लावायची नाही, येईल त्याला बसू द्यायचं, असं त्यांनी डॉक्टरांना बजावलं. डॉक्टर चाचरले. वस्तू खराब होते, म्हणाले. आमच्या घरात इतकी वर्षं माणसं बसली, तिला काही झालं नाही, काकूंनी ऐकवलं. शेवटी डॉक्टर नमले, पण काटा जाणणारं माणूस जवळ हवं म्हणाले. असं एक माणूस दिवसभर घरात माझ्या पायांत येतं, ते घेऊन जा, असं काकूंनी सांगून टाकलं.

खुर्ची संग्रहालयात गेल्यावर पहिल्याच रविवारी काटेवाले इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या जागी उभे राहिले. काकू सुनेबरोबर भिंतीशी टेकल्या. रांगेत एक गोल गरगरीत म्हातारा होता. तो खुर्चीत बसला आणि काहीतरी धरायचं असावं तसे त्याचे दोन्ही हात मांडीवर आले. डॉक्टरांनी भिंतीवरचं खोगीर काढून त्याच्या हातांत दिलं. तेव्हा काकूंना कळलं, हा जॉकी होता.

काटेवाल्यांनी काटा वाचला आणि पूर्वीच्याच सवयीने आकडा फक्त त्याच्या कानात सांगितला. म्हातारा पोट हलवत हसला. "आपल्या वेळी एवढ्या वजनात दोन जॉकी पळाले असते."

"आता पोटभर जेवता ना?" काटेवाल्यांनी विचारलं.

"रोज."

"मग वजन बरोबर आहे."

भिंतीशी काकूंनी पदर डोळ्यांना लावला. सुनेने विचारलं तर धूळ गेली म्हणाल्या. काटेवाल्यांनी आकडा वहीत लिहिला आणि रांगेतल्या पुढच्या बाईंना बसायला सांगितलं.